सुपातला दगडू

ये गं, अशी जवळ सरक. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, समोर कुणी बसलंय असं धरल्याशिवाय मला बोलताच येत नाही. आणि आधी थोडी बोलणी खा. परवा फोनवर, तिकडं पोळ्या लाटता लाटता, कुकरच्या शिट्टीच्या वर आवाज काढून तू मला विचारलंस, "मावशी, खरं सांग, दगडूला देवीनं वाचवलं का डॉक्टरनं?" असं विचारतात होय? भाजीचा भाव विचारावा तसं? आणि तुझे हे असे दिवस, चौथा लागलाय, एवढा वेळ उभं राहून लाटायचं काही नडलंय का? मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला, तर तुला वाटलं मावशी चिडली. चिडले नव्हते बाई. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका दमात देता येत नाही, आणि तुझ्यापुरतं तर ते नीट, सगळं, काही न गाळता द्यायला पाहिजे. म्हणून लिहायला बसले. मी शाळेत फार गेले नाही, पोथी वाचून वाचून अक्षर आलं. चुकलंमाकलं सांभाळून घे, पण शेवटपर्यंत वाच. तुझ्यानंतर आणखी कुणाच्या हातात हा कागद पडला तर त्यालाही कळावं म्हणून तुला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगते.

आपल्या घराण्यात पोरगे टिकत नाहीत. घराणं म्हणजे आडनावाचं नव्हे, बायकांचं. माझ्या आईचे, म्हणजे तुझ्या आजीचे, दोन मुलगे दूध पिण्याच्या वयातच गेले, राहिलो आम्ही दोघी बहिणी, तुझी आई आणि मी. मला दोन मुलगे झाले, तेही गेले, राहिली माझी अर्चना. अर्चनाला पहिली ईश्वरी झाली, ठणठणीत आणि भांडखोर. तिच्या पाठीवरचा मुलगा बसायला लागायच्या आत गेला. दरवेळी तेच. जन्मताना पोर गुटगुटीत, मग खोकला, मग जुलाब, मग तोंड येणं, मग वाळत जाणं. लोक करणी म्हणाले, बाहेरची बाधा म्हणाले, सटवाईनं सहाव्या रात्री कपाळावर एवढंच लिहिलं असं म्हणाले. आणि आपल्याकडं एक रीत आहे, तुलाही माहीत आहे: गेलेल्या लेकराचं नाव जित्या लेकराच्या उशाशी घ्यायचं नाही. घेतलं की ते बोलवून नेतं. म्हणून आम्ही ती नावं घेतलीच नाहीत. माझ्या दोघांची नावं माझ्या अर्चनालाही मी सांगितलेली नव्हती.

त्यानंतर दगडू झाला. बारशाला अक्षर चांगलं निघालं होतं, जावयांनी मोबाईलवर नावंही शोधून ठेवली होती. पण आमच्या विहीणबाई, म्हणजे अर्चनाच्या सासूबाई, म्हणाल्या, चांगल्या नावावर नजर जाती, दगड म्हना त्याला, दगड कुनी चोरून नेत न्हाई. विहीणबाईंची जीभ म्हणजे बाभळीचा काटा. अर्चनाचा पहिला मुलगा गेला तेव्हा अख्ख्या भावकीसमोर त्या मला म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडच्या पोटालाच पोरगं मानवत न्हाई." काय बोलणार? माझ्या मनातही तेच होतं.

तीन महिने दगडू दगडासारखाच राहिला. चौथ्यात खोकला सुरू झाला. तिसगावला दाखवलं, पाथर्डीला दाखवलं, नगरलाही एकदा ॲडमिट केलं. आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडात नगरच. डॉक्टर वाईट नव्हते गं. ज्यानं खोकला पाहिला त्यानं खोकल्याचं औषध दिलं, ज्यानं जुलाब पाहिले त्यानं जुलाबाचं. प्रत्येकानं विचारलंही, घरात आधी कुणाला काही? आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, काही नाही. पोर मांडीवर असताना गेलेल्यांची नावं कशी काढायची? खोटं बोलतोय असं वाटायचंच नाही. पथ्य पाळतोय असं वाटायचं.

माझं मोहट्याच्या देवीशी त्या दिवसांत बोलणं बंद होतं. विश्वास उडाला होता असं नाही म्हणणार. घरात भांडण झालं तरी आपण माणसाला ताट वाढतोच की, फक्त बोलत नाही, तसं. मंगळवारी हळदकुंकू वाहायची, दिवा लावायची आणि तोंड फिरवून उठायची. इतकी वर्षं तुझी ओटी भरली, आणि तू माझ्या ओटीतलं एकेक काढून घेतलंस, मग बोलायचं काय?

शेवटी विहीणबाईंनीच तोडगा काढला. जुनी रीत आहे, आता फारसं कुणी करत नाही. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथलं नवं लेकरू सुपात घालून देवीच्या पायरीवर ठेवायचं आणि आईनं पाठ फिरवायची. एखाद्या अनोळखी सवाष्णीनं ते उचलायचं, की ते तिचं झालं. मग आईनं पसाभर ज्वारी देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. सटवाईनं जे लिहिलं ते पहिल्या आईच्या पोराच्या कपाळावर, विकत आणलेल्या पोराच्या कपाळावर काही लिहिलेलंच नसतं. मला पटलं होतं असं नाही. पण बुडत्याला काडी. एका मंगळवारी जावयांच्या टेम्पोत बसून आम्ही मोहट्याला गेलो. अर्चनाच्या पदराच्या गाठीला ज्वारी, माझ्या मांडीवर दगडू, त्याच्या छातीत घर्र घर्र चाललेली. मागं विहीणबाई सूप धरून, जणू मिरवणुकीत निघाल्यात.

पायरीवर सूप ठेवलं. अर्चनानं पाठ फिरवली. विहीणबाईंनी एक सवाष्ण आधीच हेरून ठेवली होती, नारळवाल्याच्या दुकानापाशी उभी होती, चांगली हिरव्या चुड्याची. ती पुढं आली, वाकली, आणि पोराचा श्वास ऐकून थबकली. मागं बघायला लागली, उचलू का नको. तेवढ्यात दगडूला ठसका लागला. खोकून खोकून ओठ निळे पडायला लागले. आपण माणसं बघ, रीत मोडेल म्हणून आम्ही चौघंही जागच्या जागी उभे. आणि वरच्या पायरीवर एकटीच बसलेली एक बाई खाली आली, सुपातून त्याला उचललं, पालथा घातला, पाठीवर थापट्या मारल्या. पोरानं कफ टाकला आणि रडलं. तेव्हा कुठं आमचा जीव भांड्यात पडला.

बाई माझ्याच वयाची. कपाळ मोकळं, गळा मोकळा. विहीणबाई खवळल्या.

"अवो बाई, ठिवा त्याला खाली. सवाष्णीनं उचलायचं असतंय. तुमी कशाला हात लावला?"

"गुदमरत होतं ते. सवाष्ण शोधत बसू का?"

ती बाई राहात्याची, शाळेत मास्तरीण होती, आता निवृत्त झालेली. भिशीतल्या बायकांबरोबर जीप करून आली होती. बायका दर्शनाला आत गेल्या होत्या, ही गेली नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की तिनं पोर परत सुपात ठेवलं नाही. त्याला तोलून पाहिल्यासारखं केलं. बोटानं ओठ बाजूला करून तोंडात बघितलं, आत पांढरा बुरा चढलेला. मग डावा हात वर करून काखेत चाचपलं. जन्मल्यावर दंडावर जी लस देतात ना, तिच्या बाजूला काखेत सुपारीएवढी गाठ आली होती. आम्हाला वाटलेलं, लस जोरात लागू पडली. बाईनं ती पुन्हा एकदा चाचपून बघितली. आणि तिनं विचारलं, "ह्याच्या आधी किती गेले?"

विहीणबाई म्हणाल्या, "देवीच्या दारात असलं बोलत्यात व्हय?"

"देवीच्या दारात खोटंही बोलत नाहीत," बाई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. का माझ्याकडंच वळली ते मला आजही माहीत नाही. "किती गेले, आणि कुणाकडचे?"

आणि मी सांगितलं. पोर तिच्या हातात होतं, माझ्या मांडीवर नव्हतं, म्हणून जीभ सुटली असेल. दगडूचा भाऊ. माझे दोन. माझ्या आईचे दोन. नावानिशी सांगितलं, देवीच्या पायरीवर उभं राहून, मोठ्यानं. अर्चना माझ्याकडं बघत राहिली. तिला भाऊ होते एवढं ठाऊक होतं, त्यांना नावं होती हे तिला त्या दिवशी कळलं.

"सगळे मुलगेच?"

"सगळे."

बाई पोराला घेऊन पायरीवर बसली. तिच्या लेकीचा मुलगा असाच गेला होता. काखेत तीच गाठ, तोंडात तोच बुरा. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला हाच प्रश्न विचारला होता, आणि तिनं उत्तर दिलं तोवर पोराच्या अंगात काही उरलं नव्हतं. नातू गेल्यापासून ती कुठल्या देवळात पाऊल टाकत नव्हती. त्या दिवशी बायकांनी ओढून आणलं म्हणून आली, आणि आत जायचं नाही म्हणून पायरीवर बसली. आता तू म्हणशील, योगायोग. म्हण. मी वाद घालत नाही. मी फक्त काय झालं ते सांगतेय.

अर्चनानं पदराची गाठ सोडून ज्वारी पुढं केली. "बाई, घ्या एवढी, आणि माझं पोर द्या."

"नाही घेणार," बाई म्हणाली. "तुमच्याच रीतीनं हे पोर आता माझं आहे. पसा घेईपर्यंत माझंच. आणि मी माझ्या पोराला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन चाललेय. तुम्हाला यायचं असेल तर या."

बघ आता. विहीणबाई तर पोर पळवणारी टोळी आली असंच समजल्या, जावयांना म्हणाल्या, पोलिसाला फोन लाव. जावई माझ्याकडं बघायला लागले, मामी, काय करायचं? आवाज ऐकून देवळातला गुरव बाहेर आला. त्याला सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "रीत तर तीच हाय. उचलंल त्याचं. आता त्यांनी दिलं तर तुमचं." एवढं बोलून तो आपला आत गेला. मी गाभाऱ्याकडं बघितलं. किती दिवसांनी बघितलं. आणि मला आतून असं वाटलं, की आपण जे मागायला आलो होतो ते झालं. आपण म्हणत होतो ना, पोर दुसऱ्याच्या हातात जाऊ दे? गेलं. आता ते कुणाच्या हातात गेलं हे ठरवायचं आपल्याकडं नाही. मी म्हटलं, जावईबापू, टेम्पो काढा.

बाई पुढच्या सीटवर, मांडीवर दगडू. नगरला रक्त तपासलं. पांढऱ्या पेशींतली जी एक जात लागते ती त्याच्यात जवळजवळ नव्हतीच. मग पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टर मॅडमनं मला समजेल असं सांगितलं. आजी, म्हणाल्या, ज्वारी हुरड्यावर आली की राखणीला माणूस ठेवता ना? ह्याच्या रक्तात राखणदारच जन्मलेला नाही. म्हणून जो येतो तो टिपून जातो, खोकला काय, बुरशी काय. आपण औषधं देऊन पाखरं हाकलू शकतो, पण दिवसभर किती हाकलणार? राखणदारच पेरायला पाहिजे. दुसऱ्याच्या हाडातला मगज घेऊन ह्याच्या अंगात सोडायचा. रुजला तर ह्याच्या हाडात राखणदार तयार व्हायला लागतील.

आणि मग म्हणाल्या, हा आजार आईकडून मुलग्यात येतो. आईला काही होत नाही, मुलीला काही होत नाही, पण आई तो पुढं देते, निम्म्या मुलग्यांना. यात कुणाची चूक नसते.

चूक नसते हे मी ऐकलंच नाही त्या वेळी. मी फक्त विहीणबाईंकडं बघितलं. इतकी वर्षं त्या जे म्हणत होत्या ते डॉक्टरांच्या तोंडून खरं ठरलं होतं. मी मान खाली घातली आणि वाट बघायला लागले. विहीणबाईंनी नाक पुसलं, पदर सावरला आणि मॅडमना म्हणाल्या, "कुनाकडनं बी आलं असू द्या. आल्यालं हाय ना? मग घालवायचं कसं ते सांगा." त्या दिवसापासून विहीणबाई मला एकदाही टोचून बोलल्या नाहीत. म्हणजे बोलल्या, माझ्या भाकरीवरून, माझ्या घोरण्यावरून. त्यावरून नाही.

त्याच दिवशी राहात्याच्या बाईंनी हात पुढं केला आणि अर्चनाला म्हणाल्या, आण ती ज्वारी. आता तुझं पोर योग्य जागी आहे. अर्चनानं ती पुन्हा पदराच्या गाठीला बांधून ठेवली होती. एका भाकरीपुरती ज्वारी ती. बाईंनी नंतर मला सांगितलं, घरी जाऊन दळली, भाकरी केली आणि प्रसाद म्हणून खाल्ली. नातू गेल्यापासून प्रसाद पहिल्यांदाच तोंडात घातला होता.

खर्चाचं सांगत बसत नाही. सरकारी योजना, ट्रस्टवाले, जावयांचे मित्र, सगळ्यांचा हात लागला, आणि तो तेवढ्यावर निभला. खरा प्रश्न होता मगज कुणाचा. सख्ख्या भावंडाचा जुळला तर सगळ्यात चांगला, आणि जुळायची आशा चारात एक. ईश्वरी एकटीच भावंड. पाच वर्षांची. तिचं रक्त घेतलं तेव्हा तिनं सुई टोचणाऱ्या सिस्टरला सांगितलं, माझी आजी तुझ्यापेक्षा हळू टोचेल. आणि तिचं जुळलं. पुरतं जुळलं. जिच्या जन्माला पेढे वाटायचे का बर्फी यावर आमच्या त्या घरात कुणी चर्चासुद्धा केली नव्हती, तिच्या हाडात त्या घराचा राखणदार बसलेला होता.

मॅडमनं तिला जवळ घेऊन समजावलं, तुझ्या कमरेच्या हाडातलं थोडं रक्त आम्ही घेणार, तू झोपलेली असशील, आणि ते दगडूला देणार. ईश्वरीनं विचार केला आणि विचारलं, "मग तो मुलगी होईल का?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. म्हणाल्या, "तो मुलगाच राहील. पण त्याच्या अंगातलं रक्त मात्र मुलीचं असेल, जन्मभर." विहीणबाईंनी हे ऐकलं आणि बराच वेळ ईश्वरीच्या केसांत तेल चोळत बसल्या. तेल लावलेलंच होतं आधी.

माझ्या पदराच्या टोकाला मोहट्याचा अंगारा बांधलेला होता. पुण्याला आल्यापासून मी तो दगडूच्या कपाळाला लावायची संधी शोधत होते. पण त्याला काचेच्या खोलीत ठेवलेलं, आत हवासुद्धा गाळून जायची. आत फक्त अर्चना, तीही तोंडाला मास्क, अंगाला गाऊन. फूल नाही, फळ नाही, बाहेरचा कण नाही. अंगाऱ्यात मातीतले जंतू असतात, बुरशी असते, सिस्टरनं मला दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा जरा डोळे वटारून. मी बाहेरून काचेला नाक लावून उभी. मनात येई, एवढ्याशा चिमटीनं काय होतंय? देवीचं आहे. आणि दुसरं मन म्हणे, त्या पायरीवर तू त्याला दुसऱ्याच्या हातात दिलंस ना? मग आता मधेच चिमूट घालायला कशाला निघालीस?

ज्या सकाळी ईश्वरीला आत नेणार होते, तिला गाऊन घालून ढकलगाडीवर निजवलं. मी तिच्या बाजूनं चालत होते आणि डोळे काचेच्या खोलीकडं. पोरीनं माझा पदर ओढला.

"आज्जी, मला लाव ना तो अंगारा. आत मी चाललेय."

मी थांबले. ढकलगाडीही थांबली. खरंच होतं गं तिचं. इतके नवस, इतके उपास, सूप, ज्वारी, सगळं त्या एका पोरग्यासाठी, आणि ज्या जिवावर सगळं येऊन ठेपलं होतं त्याच्या कपाळाला कुणी बोट लावलं नव्हतं. मी सिस्टरकडं बघितलं. ती म्हणाली, हिला चालेल आजी, थोडासाच, आत गेल्यावर पुसू. सगळी चिमूट मी ईश्वरीच्या कपाळाला लावली. गाठ रिकामी झाली आणि माझा जीव हलका झाला. कुणाला लावायचा तो अंगारा, हे देवीला माझ्याआधी माहीत होतं, एवढंच मी म्हणते.

आम्हाला वाटलं होतं, मोठं ऑपरेशन असेल. काही नाही. रक्ताची पिशवी असते तशी एक पिशवी आली, लालभडक, आणि नळीतून थेंब थेंब त्याच्या अंगात गेली. आजाराचं एवढं मोठं नाव आणि उपाय एवढा गुपचूप. त्यानंतर वाट बघणं. ते कठीण. ताप चढला, तोंड पुन्हा आलं, एकदा श्वासाला नळी लावायचीही गोष्ट निघाली. मी रोज मॅडमना विचारायची, रुजलं का? एक दिवस त्या म्हणाल्या, आजी, पेरणी केल्यावर तुम्ही रोज माती उकरून बघता का, बी फुटलं का म्हणून? मी म्हटलं, नाही. मग त्या म्हणाल्या, मला पाणी घालू द्या.

त्या ताप चढलेल्या सकाळी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी देवीशी पहिल्यांदा बोलले. तुझा ठेवायचा तर ठेव, न्यायचा तर ने, असलं काही मी म्हटलं नाही, तसं म्हणणाऱ्यातली मी नाही. मी म्हटलं, बाई, मी माझा हात काढला. आत काय रुजवायचं, कसं रुजवायचं, ते तुझं आणि त्या मॅडमचं. पाणी उकळणं, भांडी वाफवणं, अर्चनाच्या पोटात दोन घास घालणं, ते माझं, आणि ते मी सोडणार नाही. मग उठले आणि दवाखान्याजवळ भाड्यानं घेतलेल्या खोलीवर जाऊन पाणी उकळायला ठेवलं. विहीणबाई कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, लई बोलला वाटतं आज तुमी तिच्याशी. मी म्हटलं, हो, मागलं लई साठलं होतं.

ताप उतरला. पुढं काही दिवसांनी मॅडम स्वतः बाहेर आल्या. कागद वगैरे काही दाखवला नाही. म्हणाल्या, "रुजलं, आजी." शेतकऱ्याच्या बाईला हा एकच शब्द पुरतो. विहीणबाईंनी जमिनीला हात लावून नमस्कार केला, दवाखान्याच्या फरशीला. मग सिस्टरनं त्यांना हात धुवायला पाठवलं.

घरी आणल्यावरही वर्षभर त्याला माणसांपासून लांब ठेवायचं होतं. आपल्याकडं आजारी माणसाला बघायला आलं नाही तर पाप लागतं, आणि आलेल्याला नाही म्हटलं तर वैर. हे काम विहीणबाईंनी घेतलं. दारात खाटेवर बसायच्या. कुणी आलं की म्हणायच्या, आत घट बसलाय, उगवून आला की बोलवीन. बिनदिवसांचा घट कसला, म्हणून कुणी हसलं तर त्यांच्या तोंडाला लागायची छाती कुणाची नव्हती. नवरात्रात घटाची माती आपण उकरत नाही, हलवत नाही, लांबून पाणी देतो आणि उगवायची वाट बघतो. तेवढं सगळ्यांना कळतं. जे डॉक्टरच्या कागदानं कळलं नसतं ते त्या एका शब्दानं गावाला कळलं.

आता दगडू चार वर्षांचा होईल. लसी पुन्हा पहिल्यापासून दिल्या, सगळ्या लागू पडल्या. मातीत बसतो, कोंबड्यांच्या मागं पळतो, सर्दी होते आणि आपोआप जाते. सर्दी आपोआप गेली की मी अजून देवीपुढं साखर ठेवते, लोक हसतात. शाळेत त्याचं चांगलं नाव घातलंय, पण त्या नावानं हाक मारली तर तो मागं वळून बघत नाही.

तू विचारलंस देवीनं का डॉक्टरनं. मला आता एवढंच कळतं. देवीच्या पदरात घालणं म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे. आपला हात काढून घेणं, म्हणजे ज्याला उचलता येतं त्याला उचलायला जागा होते. हात काढून घ्यायला फार बळ लागतं, धरून ठेवण्यापेक्षा जास्त. ते बळ मला माझं वाटत नाही. कुठून आलं ते मी जाणते, आणि त्या ठिकाणी दर मंगळवारी डोकं ठेवते. आणि आता बोलतेही.

आता तुझं. तुझी आई आणि मी एका आईच्या लेकी. माझ्याकडून जे अर्चनाला गेलं ते तुझ्या आईकडून तुला गेलंही असेल, नसेलही. आक्काला, म्हणजे तुझ्या आईला, मुलगा झालाच नाही, तुम्ही दोघी बहिणीच, म्हणून ते कधी दिसलं नाही. डॉक्टर मॅडमनं मला बजावून सांगितलं होतं, बहिणीला, तिच्या मुलींना सांगा. मी आक्काला सांगितलं, तर ती कानावर हात ठेवून म्हणाली, पोरीचे दिवस भरायचेत, अशुभ बोलू नकोस. ती माझी मोठी बहीण, तिचा राग मी झेलीन. पण आता मी गप्प बसणार नाही. पोटात मुलगा आहे का मुलगी हे कुणी विचारायचं नाही, आणि विचारायची गरजही नाही. तुझं रक्त तपासता येतं. त्यात काही निघालं, तर बाळ जन्मल्या जन्मल्या दंडावरची लस थांबवायची, आधी त्याचं रक्त बघायचं; अंगात राखणदार नसला तर ती लसच बाधते, दगडूच्या काखेतली गाठ त्यातलीच. एवढं लवकर कळलं तर पोर आजारी पडायच्या आत उपाय होतो, आमच्यासारखं निळ्या ओठांपर्यंत थांबावं लागत नाही. घाबरू नकोस. मी घाबरलेली नाही, आणि असल्या गोष्टीत मी खोटं बोलायचं सोडलंय.

तेव्हा ये. प्रवास झेपतोय तोवर ये. आईला म्हण, मावशीच्या हातचं खायचे डोहाळे लागलेत, ते तरी खोटं नसेल. नगरच्या स्टँडवर जावई टेम्पो घेऊन येतील, हळू चालवतात. चार दिवस माझ्याकडं राहा, मग आपण दोघी पुण्याला त्या मॅडमकडं जाऊन येऊ. दगडू तुला पाहून दारातूनच पळत सुटेल आणि "उचल" म्हणेल. तू जड काही उचलू नकोस, खाली बस आणि त्याला मांडीवर घे. त्याला आता कुणीही जवळ घेतलेलं चालतं. ये लवकर.